थोरला दुरुस्तीला गेला आहे

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज नवा स्विच बसवला. दिव्याचा नव्हे. आमच्या कॉम्प्युटरांच्या वायरी ज्या डब्यात येऊन एकमेकींना भेटतात, तो डबा. जुन्याची दोन भोकं कधीच मेली होती. टेबलाखाली शिरून मीच बसवला आणि बाहेर येताना डोकं आपटून घेतलं. दादा म्हणाला, "बारके, टेबलाला लागलं नाही ना?" चाळिशी उलटली माझी, तरी त्याच्या लेखी मी बारकीच.

त्यानेही आज एक काम उरकलं. थोरल्याला दुरुस्तीला नेलं. आमचे कॉम्प्युटर तीन: थोरला, मधला आणि धाकटी. धाकटी रेकॉर्डिंगच्या खोलीत असते, मधल्यावर मी आवाज साफ करते आणि थोरला कोपऱ्यात बसून जुनी पुस्तकं सांभाळतो. तिघांवरही लिनक्स. ते फुकट आहे आणि मला आवडतं म्हणून. दादाला त्यातलं पहिलंच कारण पटलं होतं. थोरल्याचा पंखा हल्ली फार घरघर करायचा. दादा म्हणाला, आपल्या कॉम्प्युटरच्या मिस्त्रीकडे टाकतो, येईल आठवड्याभरात. चादरीत गुंडाळून स्वतः उचलून नेला. एरवी पाठ दुखते म्हणून पाण्याचा जार हलवत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मधला रुसलाय. काहीही सांगा, आधी नुसता बसून राहतो. "धाकटी जागी आहे का बघ" असा हुकूम दिला की पूर्वी माझं बोट बटणावरून उठायच्या आत उत्तर यायचं. आता कर्सर लुकलुकतो, मी त्याच्याकडे बघते, तो माझ्याकडे बघतो. मग काही झालंच नाही अशा थाटात उत्तर येतं. धाकटीकडून मधल्याला हाक मारली तरी तीच तऱ्हा.

एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण अंधशाळेसाठी इतिहासाचं पुस्तक रेकॉर्ड करणं चालू आहे. आमचे आवाजकाका धडे वाचतात ते धाकटीवर परिच्छेदा-परिच्छेदाने साठतं, मग एकेक तुकडा मधल्याकडे येतो, साफ होतो आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर जातो. एका धड्याचे तुकडे मोजायला बसलं तर चक्कर येईल. प्रत्येक तुकडा निघायच्या आधी जर असा उंबऱ्यात उभा राहून विचार करणार असेल, तर परीक्षेच्या आधी पुस्तक मुलांच्या कानात पडायचं नाही. आणि मुख्याध्यापिका बाईंनी गेल्याच वर्षी बजावलंय की पुन्हा उशीर झाला तर काम दुसरीकडे द्यावं लागेल. त्या शाळेचं काम गेलं तर आमच्या स्टुडिओला कुलूप लावायचं, दुसरं काही नाही.

आईची नजर गेली तेव्हा दादा आणि मी तिला आळीपाळीने वाचून दाखवायचो. तिथून हा स्टुडिओ. कुलपाचा विचार नको.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

नवा स्विच काढला, जुना लावला. फरक नाही. जुना काढला, पुन्हा नवा लावला. डोकं पुन्हा आपटलं.

दादाला विचारलं, काय असेल रे? मी काहीही अडलं की आधी दादाकडे जाते, त्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसलं तरी. त्याला सांगता सांगता निम्म्या वेळा मलाच उत्तर सापडतं. आज तो फोनवर काहीतरी टाइप करत होता. मान वर न करता म्हणाला, "ते डबडं तूच बदललंस ना? मग तूच काहीतरी केलं असशील."

खरंच आहे. दुसरं कोण हात लावतंय?

सोमवार, १० फेब्रुवारी

सगळ्या वायरी बदलल्या. नव्या वायरींची टोकं स्वतः दाबून बसवली, आठही रंग क्रमाने, दोनदा तपासून. बोटांची सालं निघाली. मधला आहे तिथेच आहे.

दादाला पुन्हा नीट समोर बसवून विचारलं. "मी सोडून इथे काही बदललंय का? राउटर, काही सेटिंग, काहीही? आठवून सांग." तो म्हणाला, "काही नाही गं." मग उठून खिडकी बंद केली. त्या खिडकीवरून आम्ही वर्षानुवर्षं भांडतोय, मला बंद हवी, त्याला उघडी. आज स्वतःहून बंद केली. हल्ली तो माझ्याशी फार गोड वागतो. काल खोलीतल्या भिंतीवरच्या फोमच्या लाद्या टेपने मोजत होता. म्हटलं, काय रे? म्हणाला, "सहज. किती लागल्या होत्या आठवत नव्हतं." वय झालं की माणसं अशी जुन्या गोष्टींत रमतात बहुतेक.

त्याची खुर्चीही घरी नेली त्याने. पाठीला तीच मानवते म्हणे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज आवाजकाकांवर घसरले आणि आता मन खातंय.

आवाजकाका म्हणजे आमचा आवाज. निवृत्त शिक्षक आहेत, धडा वाचताना लढाईसुद्धा अशी वाचतात की मुलांना झोप येत नाही. दोन वाचनांच्या मध्ये ते मोबाईलवर बातम्या बघत बसतात, आमच्याच वायफायवर. माझ्या डोक्याने घेतलं की हाच चोर. रेकॉर्डिंगच्या खोलीत गेले तर काका माझीच वाट बघत असल्यासारखे उभे. म्हणाले, "ताई, तुम्हाला एक सांगायचं होतं. परवा दादा मला जेवायला घेऊन गेले होते, तेव्हा..."

मी म्हटलं, "आधी तो मोबाईल बंद करा. तुमच्या बातम्यांपायी सगळं ऑफिस आडवं झालंय."

काकांनी मोबाईल बंद केला, खिशात ठेवला, चष्मा लावला आणि धडा वाचायला घेतला. त्यानंतर दिवसभर एक अक्षर जास्तीचं बोलले नाहीत. मोबाईल बंद होता तेव्हाही मधला तसाच रेंगाळत होता, हे मी बघितलं. पण तेव्हा सॉरी म्हणायला जीभ वळली नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज जरा उजेड पडला. लिहून काढते, म्हणजे डोक्यात पक्कं बसेल.

आख्खा धडा एकाच मोठ्या फायलीत बांधून पाठवला. आधी नेहमीसारखा थांबला. पण निघाल्यावर जो सुटला, तो डोळ्याची पापणी लवते ना लवते तोच पलीकडे! म्हणजे रस्ता मोकळा आहे. वायर खराब असती तर वाटभर रखडला असता. हा रखडतो फक्त घरातून निघताना. मी आठवडाभर रस्ता खणत बसले होते.

मग "धाकटी" हे नाव न लिहिता नुसता तिचा नंबर लिहिला. प्रत्येक मशीनला नाव असतं तसा एक नंबरही असतो, खरी ओळख तीच. नावं आपल्या सोयीसाठी. नंबराने हाक मारली आणि उत्तर ताबडतोब! मी खुर्चीत उडालेच. नावाने मारली, पुन्हा ढिम्म. नंबर, ताबडतोब. नाव, ढिम्म. किती वेळा केलं कोण जाणे, बटणाशी खेळणाऱ्या पोरासारखं.

आधी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या, ताई, कामाच्या धांदलीत होतं असं." त्या दिवशी काय सांगत होतात विचारलं, तर चष्मा पुसत म्हणाले, "घरातल्या गोष्टी घरातल्यांनीच बोलाव्यात." काकांच्या घरी सुनेशी काहीतरी बिनसलेलं दिसतंय.

मग दादाला सांगायला फोन केला. लागला नाही, म्हणून घरच्या नंबरवर केला. वहिनीने उचलला. "ते होय? ते नव्या..." म्हणाली आणि एकदम, "म्हणजे, बाहेर गेलेत गं. आल्यावर सांगते." कुठल्या नव्या? नवी गाडी घेताहेत की काय गुपचूप? मला पेढे नकोत, पण निदान कळू तरी द्यावं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आनंद दोन दिवस टिकला. सगळीकडे नावाऐवजी नंबर लिहून टाकले, तर हाक मारणं जलद झालं, पण फाईल पाठवताना पुन्हा तेच. आज कळलं का. मी नंबराने गेले तरी समोरचं मशीन दार उघडण्याआधी "हा नंबर कुणाचा, नाव काय" अशी चौकशी करतं. म्हणजे दोन्ही मशीनं नावागावाची चौकशी करायला कुणाकडे तरी जातात, आणि तो कुणीतरी उत्तर देत नाही. हा कोण उपटसुंभ, तेवढं शोधायचं राहिलंय. शाळेकडचा रस्ताही याच पायी अडलाय. तिथे तर नाव घेतल्याशिवाय जाताच येत नाही.

मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. धडे मागे पडलेत, आता बोलणी बसणार. पण बाई अगदी मवाळ. म्हणाल्या, "काळजी करू नका हो. तुमच्या बंधूंनी सगळं कानावर घातलंय. तुमच्याकडची यंत्रणा बिघडलीय, तुम्हाला ते झेपत नाहीये, म्हणून ते दुसरी व्यवस्था करताहेत ना? मला काय, मुलांना पुस्तक मिळाल्याशी कारण."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे मी इथे वायरी दाबत बसलेय आणि दादा तिकडे माझी बाजू सांभाळतोय, तेही मला न सांगता. "झेपत नाहीये" हा शब्द जरा टोचला. पण तो तसा बोलला नसेल, बाईंनी आपल्या मनाने घेतला असेल. संध्याकाळी त्याला म्हटलं, "बाईंशी बोललास, बरं झालं रे." तो कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "हो, ते बोलायला हवंच होतं." मग भिंतीवरचा आईचा फोटो काढून पिशवीत घातला. काच बदलून आणतो म्हणे. काच मला चांगली दिसत होती.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सापडला!

एक छोटीशी फाईल असते, चार ओळींची. मशीनला एखाद्याचा पत्ता हवा असला की कुणाकडे चौकशी करायची, ते तिच्यात लिहिलेलं असतं. पहिल्याकडे आधी जायचं, त्याने उत्तर दिलं नाही तर वाट बघायची, आणि मगच दुसऱ्याकडे. मधल्यातली उघडली. धाकटीतली उघडली. दोन्हींत दुसरा आमचा राउटर. आणि पहिला नंबर थोरल्याचा!

मला वाटायचं थोरला नुसता जुनी पुस्तकं उराशी धरून बसलाय. पण मिस्त्रीने वर्षांपूर्वी लावून देताना घरातल्या नावांची सगळी चौकशी त्याच्याकडे ठेवली असणार. थोरला दुरुस्तीला गेला, आणि हे दोघे बिचारे दर वेळी आधी त्याच्याच दारात जाऊन उभे राहतात. हाक मारतात, थांबतात, मग हिरमुसून राउटरकडे जातात. पुढच्या वेळी पुन्हा आधी तिथेच. मला त्यांची दयाच आली.

माझी चूक नव्हती. हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं. माझी चूक नव्हती, स्विचची नव्हती, वायरींची नव्हती, काकांच्या बातम्यांची तर नव्हतीच.

दादा आज आला नाही. फोनवर सांगितलं, थोरला कधी येणार, त्याच्यावरच सगळं अडलंय. पलीकडे कुठेतरी ड्रिल चाललं होतं, नीट ऐकू येईना. म्हणाला, "अजून झाला नाही तो. मिस्त्री वेळ लावतोय. तू त्याच्याकडे नको जाऊस उगाच, मी बघतो." मी तरीही उद्या जाणार. पुस्तक अडलंय, आणि मिस्त्री माझं ऐकतो. त्याला जरा खडसावलं की हात चालतो त्याचा.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मिस्त्रीच्या दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या मी तोफ डागली. थोरला इतके दिवस घरात ठेवून काय त्याची पूजा करतोस का, आमचं पुस्तक अडलंय, लाज वाटत नाही का.

मिस्त्री हातातला पेचकस धरून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "ताई, थोरला माझ्याकडे आलाच नाही. तो तुमच्या नव्या जागेत आहे ना? मीच तर जाऊन लावून दिला. चालतोय की मस्त. पंखा तिथेच साफ केला."

मी म्हटलं, "हो, हो." दुसरं काय म्हणणार?

तो खूश होऊन सांगत सुटला. रेकॉर्डिंगची खोली कशी ऐसपैस आहे, काच कशी दुहेरी आहे, बाहेर पाटी लागायची तेवढी राहिलीय. दादांची खुर्ची खिडकीपाशी, तुमच्या आईंचा फोटो अगदी समोर. मग म्हणाला, "फक्त एक कळलं नाही, ताई. त्यात तुमची खोली कुठली?"

मी म्हटलं, मला उशीर होतोय.

शनिवार, २२ फेब्रुवारी

काही केलं नाही. काकांना सुट्टी दिली. मधल्यासमोर बसून हुकूम देत राहिले आणि तो थांबताना बघत राहिले.

रविवार, २३ फेब्रुवारी

आता एकेक आठवतंय आणि अंगाचा तिळपापड होतोय. लाद्या, खुर्ची, खिडकी. वहिनीचं "ते नव्या". काकांना जेवायला नेणं. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी त्याचं वय झालंय म्हणून हसत होते.

वेगळं व्हायचं होतं तर व्हायचं. लोक होतात. भांडून होतात, रडून होतात, चांगल्या शब्दांत होतात. मी दोन दिवस थयथयाट केला असता, मग त्याच्या फोमच्या लाद्या मीच चिकटवून दिल्या असत्या. ते नाही मला लागलेलं. मला लागलंय ते असं, की मी त्याला समोर बसवून विचारलं, काही बदललंय का, आठवून सांग. आणि तो म्हणाला, काही नाही गं. मी बोटं सोलवटून घेत होते, काकांवर ओरडत होते, स्वतःला मूर्ख म्हणत होते आणि हा ताकास तूर लागू देत नव्हता. वर शाळेत जाऊन सांगितलं की हिला झेपत नाही. मी त्याबद्दल त्याचे आभार मानले. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

सोमवार, २४ फेब्रुवारी

दादा आला. माझ्या चेहऱ्यावरूनच समजला, किंवा मिस्त्रीने फोन केला असेल. बसायला खुर्ची शोधली, मग आठवलं असावं, स्टुलावर बसला.

"मी सांगणारच होतो."

"कधी?"

"सगळं मार्गी लागलं की. तू उगाच त्रास करून घेतला असतास."

मी म्हटलं, "मग हा त्रास कोणाचा होता? मशीनं अडली ती तू थोरला उचलून नेलास म्हणून अडली."

"ते मला कुठे माहीत होतं? शपथेवर सांगतो, मला त्यातलं काही कळत नाही, तुला माहितेय."

"थोरला दुरुस्तीला गेला नाही, हे तरी माहीत होतं?"

तो बराच वेळ स्टुलाची कड खरवडत राहिला.

"मी तुला विचारलं होतं, दादा. दोनदा. तू एक वाक्य बोलला असतास, तर मी त्याच दुपारी सोडवलं असतं. पुस्तक मागे पडलं नसतं. तू ते मागे पडू दिलंस आणि त्याचीच सबब सांगून शाळेचं काम नेलंस."

"नेलं असं नाही, बारके. बाईंना मी काय सांगणार होतो? दोघांनी वेगवेगळं मागितलं असतं तर त्यांनी दोघांनाही दिलं नसतं. मला दोन मुलं आहेत. तुझं काय, तुझं एकटीचं भागतं."

हे तो बोलला. नंतर त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण लगेच म्हणाला, "तुला पगारावर घ्यायचंच होतं. तुझ्याइतकं आवाजाचं काम कोणाला जमतं?"

मी म्हटलं, "मला तर झेपत नाही ना?"

त्यावर तो उठला. दारात थांबून म्हणाला, जुन्या पुस्तकांच्या प्रती डिस्कवर घालून पाठवतो, त्या आपल्या दोघांच्या आहेत. मी हो म्हटलं. आईच्या फोटोबद्दल बोलायचं होतं, पण रडू आलं असतं, आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

दोन्ही फायली उघडल्या, थोरल्याची ओळ खोडली. घरातली नावं ज्या-त्या मशीनवरच लिहून ठेवली, म्हणजे कुणाच्या दारात जायलाच नको. मधल्यावरून धाकटीला हाक मारली. उत्तर इतकं चटकन आलं की मी दचकले.

आणि माझा हात फोनकडे गेला. सुटलं रे, म्हणायला. दादाचं नाव वरच होतं, नेहमीसारखं. अंगठा ठेवणार तेवढ्यात भानावर आले. मग टेबलाखाली शिरले आणि तिथेच बसून पोटभर रडले. काका बाहेर लढाई वाचत होते. त्यांनी ऐकलं असणार, कारण तो परिच्छेद त्यांनी पुन्हा घेतला.

बाहेर आल्यावर काकांना विचारलं, "तुम्हीही जाणार ना तिकडे?"

ते म्हणाले, "दादांनी बोलावलंय. मी जाऊन बघून आलो. तिथे चहा मशीनचा आहे." आणि पुढचं पान उलटलं.

शनिवार, २२ मार्च

कितीतरी दिवसांनी लिहितेय. काल इतिहासाचं पुस्तक पूर्ण गेलं. परीक्षेच्या आधी, वेळेत. शेवटचा तुकडा शाळेत पोचल्याची ओळ पडद्यावर आली, तेव्हा काकांनी नुसता चष्मा काढून ठेवला.

आज शाळेत गेले. बाईंना सगळं सांगितलं, दादाला नावं न ठेवता, निदान तसा प्रयत्न केला. त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "अहो, मला वाटलं तुम्ही दोघं एकच. पुढच्या वर्षीच्या भाषांची पुस्तकं मी त्यांना देऊन बसले की. आता शब्द फिरवता येत नाही." मी म्हटलं, फिरवू नका. मग त्यांनीच जरा विचार करून म्हटलं, "विज्ञान आणि भूगोल अजून कुणाला दिलेलं नाही. आणि पोरं तुमच्या त्या काकांच्या आवाजाला सोकावलीत."

म्हणजे निम्मं गेलं, निम्मं राहिलं. कुलूप नाही लागणार. दुसरी खोली भाड्याने द्यावी लागेल, आणि खिडकी आता कायम बंद.

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी चहा ओतून घेतला आणि फोन वाजला. दादा. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. डिस्क पाठवली तेव्हाही वहिनीकडून पाठवली होती, तिने दारातूनच दिली.

"बारके, अगं, इकडे सगळं फार हळू चाललंय. नवी मशीनं आणली, थोरल्याला जोडली, पण कुठलंही बाहेरचं नाव घातलं की नुसता बसून राहतो. सगळं काम अडलंय. मिस्त्री बाहेरगावी गेलाय. तुझ्याकडे असंच झालं होतं ना? कसं सुटलं होतं?"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच मला कळलं होतं काय झालंय ते. थोरला इथून गेला खरा, पण बाहेरच्या नावांची चौकशी करायला त्याला मिस्त्रीने वर्षांपूर्वी इथल्या राउटरचा नंबर देऊन ठेवलाय. त्या जागेत त्या नंबरावर कुणी नाही. हा रोज तिथून इथल्याच दारात हाक मारतोय.

"हॅलो?" तो म्हणाला. "हॅलो, बारके? आहेस का?" मी त्याला थांबू दिलं. गेले कित्येक दिवस अंघोळ करताना, भाजी चिरताना मी एक वाक्य घोकून ठेवलं होतं: तूच काहीतरी केलं असशील. अगदी त्याच्याच सुरात म्हणायचं, मान वर न करता. आता ते जिभेच्या टोकावर होतं. मला त्याचा अजून राग आहे, तो जायचा नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

"हॅलो?"

"थोरल्यात चौकशीसाठी इथल्या राउटरचा नंबर आहे," मी म्हटलं. "तो काढ आणि तुझ्या राउटरचा टाक."

"एवढंच?"

"एवढंच."

पलीकडे तो काहीतरी बोलायला गेला, "बारके, मी..." असं काहीसं. मी फोन ठेवला. चहा अजून गरमच होता.